मॉनिटर नसलेला वर्ग

बाई ऑफिसात गेल्या की आमच्या वर्गातला मॉनिटर उठायचा, खडू घ्यायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा: ‘बोलणाऱ्यांची नावे’. पुढची दहा-पंधरा मिनिटं राज्य त्याचं. दोस्ताचं नाव बोटाने हळूच पुसलं जायचं, ज्याच्याशी कट्टी त्याच्या नावापुढे फुल्या चढत जायच्या. मॉनिटर म्हणजे पहिला-दुसरा नंबर काढणारा मुलगा. जूनमध्ये एकदा झाला की एप्रिलपर्यंत तोच. उरलेल्या पन्नासेक जणांना वर्गाच्या शांततेशी काही देणंघेणं नव्हतं. ते खातं मॉनिटरचं, आपण फक्त सापडायचं नाही.

जपानमधल्या बालवाड्यांविषयी वाचताना फळ्याचा तो कोपरा मला सारखा आठवतो. तिथेही चार-पाच वर्षांच्या पोरांवर वर्गाचा कारभार सोपवतात, पण अशा रीतीने, की त्यातून मॉनिटर तयार होत नाही.

आधी तिथली रचना थोडक्यात. ‘योचिएन’ म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी. ती शिक्षण मंत्रालयाकडे असते आणि दिवसाला चारेक तास भरते. ‘होइकुएन’ नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी, अगदी तान्ह्या बाळापासून, दिवसभराची. तिचा कारभार २०२३ च्या एप्रिलपासून मुलांसाठी काढलेल्या नव्या सरकारी खात्याकडे गेला. दोन्हींचा मेळ घालणारा तिसरा प्रकारही २००६ पासून आहे. ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी सरकारने बहुतांशी माफ केली आहे. प्रकार कोणताही असो, एक शब्द सगळीकडे ऐकू येतो: ‘तोबान’. ज्याची आज पाळी आहे तो तोबान.

असा एक नेहमीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तपशील शाळेगणिक बदलतात. वर्गाचं नाव ‘हिमावारी’, म्हणजे सूर्यफूल. भिंतीवर एक तक्ता आणि त्यावर चित्रांची कार्डं: छत्री, बेडूक, ट्युलिप, आगगाडी. मुलांना अजून वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाला एक चित्र ठरवून दिलेलं असतं. बुटांच्या कप्प्यावर तेच, टॉवेलच्या खुंटीवर तेच. आज छत्री आणि बेडूक ही दोन कार्डं वरच्या ओळीत सरकली आहेत. ज्यांची ती चित्रं, ती दोघं छातीवर बिल्ला लावून पुढे येतात. सगळ्यांना सकाळचा नमस्कार घालतात. मग हजेरी. आज कोण नाही? बदक आलेलं नाही. बदकाला ताप आहे. हे सगळ्या वर्गाला कळतं. मग छत्री आणि बेडूक हातात हात घालून स्वयंपाकघराच्या दाराशी जातात आणि घसा साफ करून सांगतात, ‘हिमावारी, आज तेवीस जण.’ आतल्या बाई हातातलं काम थांबवून ऐकतात आणि आभार मानतात.

त्या दोघांना तेवीस हा आकडा कितपत कळतो हा भाग वेगळा, आणि चुकला तर सावरायला मागे शिक्षिका असतेच. पण निरोप लुटुपुटीचा नाही. त्या आकड्यावर तेवीस वाट्या निघणार आहेत.

दुपारी टेबलं पुसायची, वाडगी मांडायला मदत करायची, आणि सगळ्यांच्या पुढ्यात जेवण आलं की तोबानने उभं राहून म्हणायचं, ‘हात जोडा.’ जपानी शब्दांचा अर्थही अगदी हाच. मग सगळे मिळून ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘हे अन्न मी नम्रपणे स्वीकारतो’. आपल्याकडे पंगतीत किंवा शाळेत डबा उघडण्याआधी ‘वदनी कवळ’ म्हणतात, तशातलीच गोष्ट. फरक इतकाच, की सुरुवात बाई करून देत नाहीत. आणि शेवटचं मूल बसेपर्यंत तोबान तोंड उघडत नाही. टेबलाखाली एक जण चॉपस्टिकचा डबा शोधतोय. बावीस जण भुकेले, भात निवतोय. बाई गप्प. थोड्या वेळाने शेजारची मुलगी उसासा टाकून स्वतःच टेबलाखाली शिरते.

अख्ख्या पद्धतीतली सगळ्यात कसबाची गोष्ट मला त्या बाईंचं गप्प बसणं वाटते. त्याकडे येऊच. आधी या पाळीत काय नाही ते बघू.

तोबानच्या हातात खडू नाही. त्याला कोणाचं नाव लिहिता येत नाही, कोणाला उभं करता येत नाही. त्याच्याकडे आहे ते फक्त काम, आणि सगळ्यांचं लक्ष वेधायची एक दिवसाची संधी. ही पाळी हुशारीवर मिळत नाही आणि दंगा केला म्हणून जातही नाही. लाजून आवाज न फुटणाऱ्या मुलीलाही ती येते, आणि रोज खुर्ची उलटी करून बसणाऱ्या मुलालाही येते. तो जेव्हा पुढे उभा राहून ‘हात जोडा’ म्हणतो आणि समोरचे चौघे हसत राहतात, तेव्हा काल आपण काय करत होतो हे त्याला कोणी न सांगता समजतं. कॅथरीन लुइस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७९ मध्ये जपानमधल्या पंधरा बालवाड्या बारकाईने पाहिल्या. त्यांना खटकलेली आणि मग पटलेली गोष्ट हीच: मोठी माणसं आपला धाक शक्य तितका मागे ठेवतात आणि वर्ग सांभाळायचं बरंच काम मुलांच्याच अंगावर टाकतात. तिथे गोंगाट भरपूर असतो. ज्यांच्या डोक्यात जपान म्हणजे टाचणी पडली तरी ऐकू येणारी शिस्त, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पाळीच्या जोडीला असतात छोटे गट. चार-सहा मुलं एका टेबलाची. गट मुद्दाम भेसळीचा केलेला असतो: एक बोलका, एक हळवा, एक धांदरट. तो लवकर मोडत नाहीत. गटाला नाव द्यायचं असतं आणि ते मुलांनीच ठरवायचं. एकाला डायनासोर हवा, दुसरीला स्ट्रॉबेरी. हात वर करून मतं मोजली तर अर्ध्या मिनिटात निकाल लागेल, पण हरलेला रुसून बसेल आणि वर्षभर त्याला तो गट आपला वाटणार नाही. म्हणून चर्चा चालू देतात. आज नाही ठरलं तर उद्या. चार वर्षांच्या मुलांची चर्चा म्हणजे काय असते हे ज्यांच्या घरात ती आहेत त्यांना सांगायला नको. पण सगळ्यांना चालेल असं काहीतरी शोधायचं, ही सवय लागते ती अशाच फुटकळ प्रश्नांवर.

आता बाईंच्या गप्प बसण्याकडे. यालाही जपानीत शब्द आहे, ‘मिमामोरु’. ‘मि’ म्हणजे बघणं, ‘मामोरु’ म्हणजे राखणं. आपल्याकडे शेतात माळ्यावर बसून राखण करतात ना, तसं. राखणदार प्रत्येक कणसाजवळ उभा राहत नाही, पण त्याचं लक्ष अख्ख्या शेतावर असतं.

जोसेफ टोबिन या अमेरिकी अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात क्योतोतल्या एका होइकुएनमध्ये दिवसभराचं चित्रीकरण केलं आणि ते जपान, चीन आणि अमेरिकेतल्या शिक्षकांना दाखवलं. १९८९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्गात चार वर्षांची अठ्ठावीस मुलं आणि एक शिक्षिका. त्यात एक मुलगा दिवसभर उच्छाद मांडतो. मारामारी करतो, खेळातले पत्ते वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली फेकतो. एक मुलगी धावत तक्रार घेऊन येते. शिक्षिका उठत नाही. उलट तिलाच सुचवते, की तू जाऊन काहीतरी कर. अमेरिकी शिक्षकांना हे बघवेना. हा तर निष्काळजीपणा, असं त्यांना वाटलं. जपानी शिक्षकांचं म्हणणं असं, की बाई दरवेळी मध्ये पडल्या तर अशा मुलाशी कसं वागायचं हे बाकीची मुलं कधी शिकणार? आणि त्या मुलालाही मोठ्यांच्या रागावण्यापेक्षा बरोबरीच्यांनी खेळात न घेणं जास्त लागतं.

याच अभ्यासात एक गमतीदार मतभेद निघाला. अमेरिकेत काहींना वाटलं, हा मुलगा फार हुशार असेल, वर्गात कंटाळत असेल, म्हणून दंगा करतो. जपानी शिक्षक चक्रावले. हुशार असता तर कसं वागायचं हे त्याला कळलं नसतं का? इंग्रजीत बुद्धी आणि वागणूक यांची खाती वेगळी आहेत, जपानीत लहान मुलाच्या बाबतीत ती एकाच शब्दात येतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘शहाणं माझं बाळ’ म्हणताना आपण त्याची पाढ्यांची परीक्षा घेतलेली नसते. (‘फार शहाणा आहेस’चा अर्थ वेगळा, तो सोडा.)

काही वर्षांनी टोबिन पुन्हा त्याच शाळेत गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या फेरीतलं एक दृश्य असं: एका अस्वलाच्या खेळण्यावरून मुलींची ओढाओढ चालली आहे, त्या जमिनीवर लोळतायत. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून शिक्षिका नुसतं ‘कोरा, कोरा’ म्हणते, आपलं ‘अगं, अगं!’ आणि जागची हलत नाही. त्या एका हाकेने मुलींना दोन गोष्टी कळतात: बाई बघतायत, आणि बाई येणार नाहीयेत. भोवती जमलेली मुलंही प्रेक्षक म्हणून फुकट जात नाहीत, असं तिथले शिक्षक मानतात. दुसऱ्यांचं भांडण कसं पेटतं आणि कसं विझतं, हे बघणं हाही एक धडा.

याच विचाराचा पुढचा भाग म्हणजे वर्गातली पटसंख्या. अठ्ठावीस मुलांमागे एक बाई हे अमेरिकी पाहुण्यांना भयंकर वाटलं होतं. त्या वेळच्या जपानी शिक्षकांना मात्र फार लहान वर्गाचीच धास्ती होती: दहा-बारा मुलं असली तर प्रत्येक जण बाईंच्या पदराला धरून बसेल, एकमेकांशी बोलायची गरजच पडणार नाही.

हे ऐकायला छान आहे. पण वर्ग मोठे ठेवणं सरकारला स्वस्त पडतं, हेही खरं. होइकुएनमध्ये चार-पाच वर्षांच्या तीस मुलांमागे एक शिक्षिका हे प्रमाण १९४८ मध्ये ठरलं आणि थेट २०२४ च्या एप्रिलमध्ये पंचविसावर आलं, म्हणजे शहात्तर वर्षांनी. मधल्या काळात शिक्षिका थकल्याचं सांगत होत्या, कमी पगारामुळे नोकऱ्या सोडत होत्या. तत्त्व आणि काटकसर एकाच दिशेला चालली की तत्त्व किती आणि काटकसर किती, हे वेगळं काढणं कठीण जातं.

आणि राखण सुटली तर काय होतं, हेही जपानने पाहिलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये शिझुओका प्रांतात तीन वर्षांची एक मुलगी बालवाडीच्या बसमध्ये राहून गेली आणि आतल्या उष्म्याने दगावली. उतरवताना मुलं नीट मोजली गेली नाहीत. ती वर्गात दिसली नाही, तरी घरी फोन गेला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने बघितलं असेल. पुढच्या एप्रिलपासून अशा बसमध्ये सावध करणारं यंत्र बसवणं सक्तीचं झालं. आज कोण आलं नाही, हे मुलांकडून रोज मोजून घेणाऱ्या देशात मोठ्यांचीच मोजणी चुकली. त्या बसमध्ये जबाबदारी सगळ्यांची होती, पण त्या दिवशी नक्की कोणाची ते ठरलेलं नव्हतं. तोबानच्या तक्त्यावर निदान नावं असतात.

आता सफाई. ‘जपानच्या शाळेत शिपाई नसतो, मुलंच सगळं झाडतात’ हा मेसेज वर्षातून दोनदा तरी आपल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. तो अर्धवट आहे. शाळांमध्ये देखभालीला माणसं असतात. पाच वर्षांच्या मुलाने पुसलेल्या फरशीवर शिक्षिकेला पुन्हा हात फिरवावा लागतो, हेही कोणी मेसेजमध्ये लिहीत नाही. मुलांनी झाडण्यात पैसे वाचत नाहीत, उलट वेळ जातो. तरी ते करून घेतात. ‘झोकिन’ म्हणजे शिवलेलं जाड फडकं. दोन हातांनी पिळायचं, फरशीवर पसरायचं, दोन्ही तळवे त्यावर टेकवायचे, कंबर वर उचलायची आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटायचं. लहान मुलांना ही शर्यत वाटते. आणि आपण आत्ताच पुसलेल्या जागी कोणी रंगाचं पाणी सांडलं की त्यांना येणारा राग अगदी अस्सल असतो.

पुढे प्राथमिक शाळेत याचंच मोठं रूप दिसतं. जेवण वाढायची पाळी असलेली मुलं पांढरा अंगरखा आणि टोपी घालतात. आठवडा संपला की तो अंगरखा घरी न्यायचा, धुऊन इस्त्री करून सोमवारी आणायचा. आणायचा तो आपल्यासाठी नाही. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर चढणार असतो. सामायिक जबाबदारी या जडजंबाळ शब्दाची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही.

या सगळ्याला एक काळी बाजू आहे आणि जपानी लोक स्वतःच तिच्याबद्दल पुष्कळ बोलतात. ‘रेन्ताई सेकिनिन’ म्हणजे एकाची चूक, सगळ्यांना शिक्षा. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, पाच-पाच घरांचे गट असत आणि एका घराने कर चुकवला किंवा गुन्हा केला तर बाकीच्या चौघांनाही जाब द्यावा लागे. शाळकरी बेसबॉलमध्ये एका खेळाडूच्या गैरवर्तनापायी अख्ख्या संघाने स्पर्धेबाहेर बसण्याचे प्रकार अलीकडेपर्यंत घडले आहेत. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. वरवर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत ‘सगळे मिळून’ आहे. पण तोबानमध्ये काम वाटून घेतलेलं असतं, इथे दोष वाटलेला असतो. टेबलाखाली डबा शोधणाऱ्याला मदत करायला शेजारीण खाली वाकली, तर ती वाटणी. ‘तुझ्यामुळे सगळे खोळंबले’ असं बाईंनी म्हटलं, तर तो दाब. भात तोच, मुलं तीच, आणि मध्ये फक्त एक वाक्य.

हळू जेवणाऱ्या, गोंगाट सहन न होणाऱ्या, किंवा घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला हा दाब आधी लागतो. तोक्योच्या निशिकासाई भागात मराठी कुटुंबंही राहतात. तिथल्या शाकाहारी घरातल्या मुलाच्या ताटात सगळ्यांसारखं काही नसतं, तेव्हा ‘सगळे एकत्र’ या शब्दांचा अर्थ त्याला वेगळाच कळतो. चांगली शिक्षिका अशा वेळी वाढतानाच कमी वाढते, किंवा त्याचा वेगळा डबा हाही वर्गाच्या कुतूहलाचा विषय करून टाकते. सगळ्यांना ते जमतं असं नाही.

शिवाय बालवाडीत शिकलेलं सगळंच टिकतं, असाही भ्रम नको. पाचव्या वर्षी झोकिन पिळायला शिकलेले मुलगे मोठे होऊन घरकामात श्रीमंत देशांतल्या पुरुषांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतात. तक्ता शाळेच्या भिंतीवर असतो, घराच्या नसतो.

आपल्याकडे हे आणायचं म्हटलं की पहिली अडचण झाडूपाशीच येते. गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीत सफाई हा शिक्षणाचा भाग होता आणि साने गुरुजींच्या वाटेने गेलेल्या शाळांत श्रमदान असायचं, हे खरं. पण कोणत्या मुलांना शाळेचं संडास धुवायला लावलं, हे वाचताना आपण त्या मुलांची आडनावं शोधतो आणि ती बहुतेक वेळा अपेक्षेप्रमाणेच निघतात. म्हणून पालक चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. ‘मुलांनो, कोण झाडणार?’ असं विचारलं की कोणाचे हात वर होणार आणि कोणाचे होणार नाहीत, हे जातीने, फीने, आणि मुलगा-मुलगी भेदाने आधीच ठरवलेलं असतं. तक्त्यावरची छत्री, बेडूक, बदक यांना आडनाव नसतं. रोजची दोन कार्डं सरकली की सरकली. डॉक्टरांच्या मुलाचं कार्ड वगळायचं असेल तर सगळ्यांसमोर उचलून खाली ठेवावं लागेल.

यंदा गौरी-गणपतीत घरी मी हा खेळ करून पाहिला. दरवर्षी झांज कोणी वाजवायची यावरून रडारड, आणि दूर्वा निवडायला, निरांजन घासायला मात्र कोणी नाही. या वेळी फ्रिजवर कागद लावला. धाकट्या पुतणीला वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाला चित्र: तिला मोदक, तिच्या दादाला उंदीर, मला चष्मा, आजोबांना काठी. कामांची पण चित्रं. रोज कागद एक घर पुढे. झांज सगळ्यांना मिळणार, निरांजनही सगळ्यांना. पहिल्या दिवशी उंदराने कटकट केली, दुसऱ्या दिवशी चष्मा दूर्वा विसरला आणि आरतीच्या तोंडावर बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुतणी फ्रिजपुढे बराच वेळ उभी होती. मग तेलकट निरांजन आणि चिंचेची वाटी दोन्ही हातांत सांभाळत हॉलमध्ये गेली. आजोबा पेपर वाचत होते. ‘आजोबा, काठी,’ ती म्हणाली. आजोबांनी आजीकडे बघितलं. आजी वाती वळत होती. तिने मान वर केली नाही.